अध्यक्षांची गुपिते आणि चौकशीची हद्द

अमेरिकेच्या राज्यघटनेत 'एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज' हे शब्द कोठेही आढळत नाहीत. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्यांनी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांना आपल्या कामकाजाचा काही भाग गुप्त ठेवण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. अध्यक्षांबाबत मात्र तसे एकही वाक्य त्यांनी लिहिले नाही. तरीही पहिल्या अध्यक्षांपासून अगदी अलीकडच्या अध्यक्षांपर्यंत जवळपास प्रत्येकाने, कधी ना कधी, चौकशी करणाऱ्यांना 'ही कागदपत्रे मिळणार नाहीत' असे सांगितले आहे. मराठीत ज्याला आपण कार्यकारी विशेषाधिकार म्हणू, तो हाच. अध्यक्ष आणि त्यांचे निकटचे सल्लागार यांच्यातील विचारविनिमय न्यायालयापासून, काँग्रेसपासून व पर्यायाने जनतेपासून राखून ठेवण्याचा हा दावा आहे.

दाव्यामागील युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आपण आज दिलेला सल्ला उद्या चौकशी समितीसमोर वाचून दाखवला जाणार, हे ठाऊक असेल तर कोणताही सल्लागार मोकळेपणाने बोलणार नाही. तो जपून, स्वतःला वाचवत बोलेल. शिवाय राज्याचे तीन स्तंभ परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर एका स्तंभाने दुसऱ्याच्या दालनात शिरून कपाटे उघडावीत का, हाही प्रश्न उरतोच. अडचण अशी, की प्रामाणिक सल्ला ज्या पडद्याआड दिला जातो, त्याच पडद्याआड गुन्ह्याची आखणीही होऊ शकते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला या दोहोंतील फरक दिसत नाही.

या विशेषाधिकाराला मर्यादा आहेत, हे अमेरिकी न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण त्या मर्यादा प्रत्यक्षात कोठे पडतात, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा वेगळ्याच गोष्टींवर ठरते. मागणारा कोण, कशासाठी मागतो आहे, आणि त्याच्या हाती किती वेळ आहे, या तीन बाबी त्यात निर्णायक ठरत आल्या आहेत.

सेंट क्लेअर यांचा पराभव

४ नोव्हेंबर १७९१ रोजी वाबाश नदीच्या काठी जनरल आर्थर सेंट क्लेअर यांच्या फौजेचा मूळ रहिवासी जमातींच्या संयुक्त सैन्याने दारुण पराभव केला. सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. नवजात प्रजासत्ताकाला हा जबर धक्का होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने चौकशी समिती नेमली आणि युद्ध खात्याची कागदपत्रे मागवली. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या मंत्र्यांना बोलावून घेतले. हा पहिलाच प्रसंग असल्याने जे काही आपण करू ते पुढच्यांसाठी पायंडा ठरेल, याची त्यांना जाणीव होती. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांनी त्या बैठकीची टिपणे ठेवली आहेत. सभागृहाला चौकशीचा अधिकार आहे, ते कागदपत्रे मागू शकते. लोकहिताला बाधा येणार नाही अशी कागदपत्रे अध्यक्षांनी द्यावीत आणि ज्यांच्या प्रकटनाने लोकांची हानी होईल ती नाकारावीत, असे त्या बैठकीत ठरले.

तत्त्वाने नकाराचा हक्क राखून ठेवला गेला. प्रत्यक्षात मात्र वॉशिंग्टन यांनी सारी कागदपत्रे दिली. नकार दिला तो चार वर्षांनी, १७९६ मध्ये, ब्रिटनशी झालेल्या जे-तहाच्या वेळी. तह मंजूर करणे हे सिनेटचे काम आहे, प्रतिनिधीगृहाचा त्यात संबंध नाही, असे कारण त्यांनी दिले. महाभियोगासाठी ही कागदपत्रे हवी असती तर गोष्ट वेगळी होती, असेही त्यांनी त्याच उत्तरात सूचित केले. हा अपवाद पुढे पावणेदोनशे वर्षे फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

जेफर्सन यांच्यावर मात्र स्वतःचेच तत्त्व उलटले. ते अध्यक्ष असताना १८०७ मध्ये माजी उपाध्यक्ष आरन बर यांच्यावर रिचमंड येथे देशद्रोहाचा खटला चालला. बर यांनी आपल्या बचावासाठी जनरल विल्किन्सन यांनी अध्यक्षांना लिहिलेले पत्र मागितले. खटला ऐकणारे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी अध्यक्षांच्या नावे हुकूम काढला. अध्यक्ष म्हणजे राजा नव्हे, त्यालाही न्यायालयाचा हुकूम लागू होतो, असा त्याचा आशय होता. जेफर्सन यांनी हुकमाचे बंधन मान्य केले नाही, पण काही कागद धाडून दिले. हक्क सोडायचा नाही आणि संघर्षही टाळायचा, ही अमेरिकी अध्यक्षांची रीत तेव्हापासूनच पडली, असे म्हणायला हरकत नाही.

तीन विधवांचा दावा

'एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १९५० च्या दशकात. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या नावाखाली लष्कराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. १७ मे १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून, खात्यातील कोणीही अंतर्गत सल्लामसलतीबाबत साक्ष देऊ नये, असा आदेश दिला. मॅकार्थींना लगाम बसत होता, त्यामुळे अनेकांना तो आदेश आवडला. पण वॉशिंग्टन यांच्या काळातील सावध, प्रकरणापुरता नकार आणि हा सरसकट नकार यांत मोठे अंतर होते, हे त्या उत्साहात नजरेआड झाले.

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक दावा या संपूर्ण विषयावर वेगळाच प्रकाश टाकतो. ऑक्टोबर १९४८ मध्ये जॉर्जिया राज्यात वेक्रॉस येथे हवाई दलाचे बी-२९ विमान कोसळले. त्यात गुप्त उपकरणांची चाचणी चालू होती. मृतांपैकी तिघे मुलकी अभियंते होते. त्यांच्या विधवांनी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला आणि अपघाताचा चौकशी अहवाल मागितला. हवाई दलाने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण सांगून अहवाल देण्यास नकार दिला. १९५३ मध्ये 'अमेरिका विरुद्ध रेनॉल्ड्स' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. लष्करी गुपिताचा धोका पुरेसा संभवनीय दिसत असेल, तर न्यायाधीशांनी एकांतातसुद्धा तो कागद पाहण्याचा आग्रह धरू नये, असे न्यायालय म्हणाले. न्यायालयाने तो अहवाल पाहिला नाही.

सुमारे अर्ध्या शतकानंतर तो अहवाल गोपनीयतेच्या यादीतून बाहेर आला आणि २००० साली मृतांपैकी एकाच्या कुटुंबीयांच्या हाती पडला. त्यात गुप्त उपकरणांचे तपशील नव्हते. विमानाच्या देखभालीतील हयगयीच्या नोंदी होत्या. काटेकोरपणे पाहता लष्करी गुपितांचा हक्क आणि अध्यक्षीय सल्ल्याचा विशेषाधिकार हे दोन वेगळे दावे आहेत. पण न पाहताच विश्वास ठेवण्याची किंमत काय असते, हे या प्रकरणाइतके स्वच्छ दुसऱ्या कोणत्याही प्रकरणात दिसत नाही.

चौसष्ट संभाषणे

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. पुढची कथा सर्वश्रुत आहे. विशेषाधिकाराच्या दृष्टीने मात्र तिचे काही टप्पे बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

एप्रिल १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचे ॲटर्नी जनरल रिचर्ड क्लाइनडिन्स्ट यांनी सिनेटपुढे सांगितले, की हा विशेषाधिकार कार्यकारी शाखेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला लागू होऊ शकतो. म्हणजे सुमारे पंचवीस लाख माणसे. काँग्रेसला पसंत नसेल तर तिने महाभियोग चालवावा, असेही ते म्हणाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, १६ जुलै रोजी, व्हाइट हाऊसचे माजी अधिकारी अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेट समितीपुढे शपथेवर सांगितले, की अध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणे आपोआप ध्वनिमुद्रित होतात. तोवर एकाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा शब्द असे चाललेले प्रकरण एका क्षणात बदलले. आता पुरावा होता आणि तो कोठे आहे हेही ठाऊक होते.

विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी ध्वनिफिती मागितल्या. न्यायाधीश जॉन सिरिका यांनी त्या देण्याचा हुकूम केला आणि अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी रात्री निक्सन यांनी कॉक्स यांना बडतर्फ करण्यास फर्मावले. ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी ते करण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि पद गमावले. अखेर सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी तो आदेश अमलात आणला. जनक्षोभ इतका उसळला की निक्सन यांना नवा विशेष वकील, लिऑन जावोर्स्की, नेमावा लागला, आणि त्यानेही ध्वनिफितीच मागितल्या.

जावोर्स्की यांची मागणी चौसष्ट संभाषणांची होती. निक्सन यांनी ३० एप्रिल १९७४ रोजी बाराशेहून अधिक पानांचे संपादित उतारे प्रसिद्ध केले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ अर्धवट उघडली गेली आणि तिचे मोल एकदम घसरले. शिव्यांच्या जागी ठिकठिकाणी 'अपशब्द वगळला' अशी टीप होती आणि मूळ ध्वनिफितींबद्दलचे कुतूहल उलट वाढले. २० जून १९७२ च्या एका फितीत साडेअठरा मिनिटांचे संभाषण पुसले गेले असल्याचे आधीच उघड झालेले होते.

सर्वोच्च न्यायालयात निक्सन यांची बाजू जेम्स सेंट क्लेअर यांनी मांडली. पहिल्या चौकशीचे निमित्त ठरलेल्या जनरलचे आणि या वकिलाचे आडनाव एकच असावे, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग. २४ जुलै १९७४ रोजी आठ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. निक्सन यांनी नेमलेल्या चार न्यायमूर्तींपैकी विल्यम रेनक्विस्ट यांनी निक्सन यांच्या न्याय खात्यात काम केलेले असल्याने ते खटल्यातून बाजूला राहिले. उरलेले तिघे निकालात सहभागी होते आणि निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर हे त्यांपैकीच एक.

या निकालाचे वाचन बहुधा अर्धेच केले जाते. निक्सन हरले, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी, की सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षीय संभाषणांच्या या विशेषाधिकाराला घटनात्मक आधार असल्याचे पहिल्यांदाच मान्य केले. तो आहे, पण निरपवाद नाही. गोपनीयतेची नुसती सर्वसाधारण सबब फौजदारी खटल्यातील विशिष्ट पुराव्याच्या सिद्ध गरजेपुढे टिकत नाही, असे न्यायालय म्हणाले. शिवाय, ध्वनिफिती आधी न्यायाधीशांनी आपल्या दालनात ऐकाव्यात आणि खटल्याशी संबंधित तेवढाच भाग पुढे द्यावा, अशी तजवीज केली. लष्करी वा राजनैतिक गुपिते, दिवाणी दावे आणि काँग्रेसच्या मागण्या यांविषयी आपण काही ठरवत नाही, असे निकालात तळटीप देऊन सांगितले गेले. या तळटिपेतच पुढच्या पन्नास वर्षांचे वाद दडलेले होते.

२३ जून १९७२ च्या फितीत, एफबीआयचा तपास थोपवण्यासाठी सीआयएचा वापर करण्याची योजना निक्सन मान्य करताना ऐकू येतात. ५ ऑगस्टला तिचा मजकूर जाहीर झाला आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. तत्पूर्वी प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाची तीन कलमे मंजूर केली होती. त्यांतील तिसरे कलम समितीने मागितलेली कागदपत्रे न दिल्याबद्दल होते. वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये नोंदवलेला अपवाद असा परतून आला.

काँग्रेसच्या हाती काय?

न्यायालय मागते तेव्हा आणि काँग्रेस मागते तेव्हा, अध्यक्षांच्या नकाराचे बळ सारखे नसते. वॉटरगेटच्याच काळात सिनेटच्या अर्विन समितीने ध्वनिफितींसाठी लावलेला दावा मे १९७४ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. प्रतिनिधीगृहाच्या समितीकडे फिती आधीच पोहोचल्या होत्या, त्यामुळे सिनेट समितीची गरज निकडीची ठरत नाही, हे कारण. सरकारी वकील जिंकला आणि लोकांनी निवडलेली समिती हरली, असा हा विरोधाभास.

काँग्रेसला चौकशीचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. टीपॉट डोम तेल घोटाळ्याच्या काळात साक्षीला न आलेल्या एका साक्षीदाराला, तेही माजी ॲटर्नी जनरलच्या भावाला, सिनेटने अटक करवली, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेटचा तो अधिकार उचलून धरला. पण स्वतः अटक करण्याचे ते हत्यार १९३० च्या दशकानंतर म्यानातच आहे. उरतो तो अवमानाचा ठराव. तो मंजूर झाला की खटला भरायचा सरकारी वकिलाने, आणि सरकारी वकील न्याय खात्याच्या, म्हणजे अखेर अध्यक्षांच्या, हाताखाली. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच फौजदाराकडे ती नोंदवायची!

याचा पहिला मोठा अनुभव १९८२ मध्ये आला. विषारी कचऱ्याच्या सफाईची कागदपत्रे रेगन यांच्या आदेशावरून रोखून धरल्याबद्दल पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख ॲन गोर्सच यांना प्रतिनिधीगृहाने २५९ विरुद्ध १०५ मतांनी अवमानाबद्दल दोषी ठरवले. खटला भरण्याऐवजी न्याय खात्याने उलट प्रतिनिधीगृहावरच दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला, कागदपत्रे द्यावी लागली आणि मार्च १९८३ मध्ये गोर्सच यांनी राजीनामा दिला. (त्यांचे पुत्र नील गोर्सच २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले.) पण १९८४ मध्ये न्याय खात्याने लेखी मत नोंदवले, की अध्यक्षांच्या आदेशावरून विशेषाधिकार सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर अवमानाचा खटला भरता येत नाही. त्यानंतर दोन्ही पक्षांच्या सरकारांनी हे मत ढालीसारखे वापरले.

२००६ मध्ये जॉर्ज बुश यांच्या प्रशासनाने नऊ संघीय सरकारी वकिलांना काढून टाकले. त्यामागे राजकीय कारणे होती का, हे शोधण्यासाठी प्रतिनिधीगृहाने व्हाइट हाऊसच्या माजी वकील हॅरिएट मायर्स यांना बोलावले. त्या आल्याच नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्याविरुद्ध आणि व्हाइट हाऊसचे प्रशासनप्रमुख जोशुआ बोल्टन यांच्याविरुद्ध अवमानाचा ठराव झाला. जुलैमध्ये न्यायाधीश जॉन बेट्स यांनी, स्वतः बुश यांनी नेमलेले असूनही, अध्यक्षांच्या सल्लागाराला समन्स पूर्णपणे धुडकावण्याची मुभा कायद्यात कोठेही नाही, असा स्पष्ट निकाल दिला. प्रत्यक्ष साक्ष झाली २००९ मध्ये, बंद दाराआड, बुश पदावरून गेल्यानंतर.

ओबामा यांच्या काळात भूमिका बदलल्या, खेळ तोच राहिला. शस्त्रतस्करांचा माग काढण्यासाठी सुमारे दोन हजार बंदुका मुद्दाम बाजारात जाऊ देणाऱ्या 'फास्ट अँड फ्युरियस' मोहिमेची चौकशी रिपब्लिकन सभागृहाने सुरू केली. जून २०१२ मध्ये ओबामा यांनी विशेषाधिकार वापरला आणि आठवड्याभरात ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याविरुद्ध २५५ विरुद्ध ६७ मतांनी अवमानाचा ठराव झाला. न्यायालयाने कागदपत्रे देण्याचा हुकूम केला तो जानेवारी २०१६ मध्ये. त्या माहितीचा बराच भाग खात्याच्या अंतर्गत तपासणीच्या अहवालातून सरकारनेच जाहीर केला आहे, मग गुप्त राखायचे काय, असे न्यायाधीशांचे म्हणणे होते. होल्डर त्याआधीच पदावरून गेले होते. वरातीमागून घोडे, याहून वेगळे काय म्हणणार?

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील व्हाइट हाऊसचे वकील डॉन मॅकगॅन यांना एप्रिल २०१९ मध्ये समन्स निघाले. त्यांची साक्ष जून २०२१ मध्ये झाली. न्यायालयांच्या निकालांची बेरीज केली तर अध्यक्ष बहुतेक वेळा हरलेले दिसतात. दिनदर्शिका समोर ठेवली तर जिंकलेले दिसतात. प्रतिनिधीगृहाची मुदत दोन वर्षांची असते आणि खटला तेवढ्यात संपत नाही, हे दोन्ही पक्षांच्या वकिलांना पक्के ठाऊक आहे.

भारतातील तुलना

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या नावाने आला. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १२३ नुसार सरकार अप्रकाशित सरकारी कागद न्यायालयात दाखवण्यास नकार देऊ शकत असे. १९७५ मध्ये राजनारायण प्रकरणात, पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या सुरक्षेविषयीच्या 'ब्लू बुक'बाबत सरकारने हा हक्क सांगितला, तेव्हा कागद पाहून निर्णय घेण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९८१ च्या न्यायाधीश बदल्यांच्या प्रकरणात, ज्यातील एक याचिका मुंबईतील वकील इक्बाल छागला यांची होती, कायदामंत्री आणि सरन्यायाधीश यांच्यातील पत्रव्यवहार उघड करण्यास न्यायालयाने भाग पाडले. २०१९ मध्ये राफेल प्रकरणात कागदपत्रे वृत्तपत्रात छापून आलेली असल्याने विशेषाधिकाराचा आक्षेप फेटाळला गेला. होल्डर प्रकरणातील निकालाशी त्याचे साम्य उघड आहे. रेनॉल्ड्स निकालातील 'न पाहता विश्वास' भारतीय न्यायालयांनी सहसा पत्करलेला नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात मंत्री आणि राष्ट्रपती यांच्यातील पत्रव्यवहार कोणत्याही न्यायालयाने मागवू नये, असे परंतुक घालण्यात आले आहे.

हक्क कोणाचा: माणसाचा की पदाचा?

अमेरिकेत दरम्यान दोन प्रश्नांची उकल बऱ्याच अंशी झाली. पहिला, सल्लागारांच्या वर्तुळाचा. कृषिमंत्री माइक एस्पी यांच्या चौकशीतून निघालेल्या १९९७ च्या निकालात अपील न्यायालयाने वर्तुळ आखले. अध्यक्षांना द्यायच्या सल्ल्याची तयारी करणारे व्हाइट हाऊसमधील वरिष्ठ कर्मचारी त्यात येतात, खात्यांतील सर्वसाधारण अधिकारी येत नाहीत. खात्यांपुरता जो दुय्यम दर्जाचा विचारविनिमयाचा हक्क आहे, तो सरकारी गैरवर्तनाचा सबळ संशय असेल तेथे गळून पडतो. क्लाइनडिन्स्ट यांचे पंचवीस लाख लोक असे वर्तुळाबाहेर गेले. पुढच्याच वर्षी क्लिंटन यांना आपल्या सहायकांची ग्रँड ज्यूरीपुढील साक्ष या हक्काच्या बळावर रोखता आली नाही.

दुसरा प्रश्न माजी अध्यक्षांचा. १९७७ मध्ये निक्सन यांच्याच कागदपत्रांच्या वादात न्यायालयाने म्हटले होते, की हा हक्क प्रजासत्ताकाच्या हितासाठी आहे, व्यक्तीसाठी नव्हे. माजी अध्यक्ष तो सांगू शकतो, पण विद्यमान अध्यक्षाच्या मताला अधिक वजन राहील. ६ जानेवारी २०२१ रोजी कॅपिटॉलवर झालेल्या हल्ल्याच्या चौकशीत याचा कस लागला. चौकशी समितीने राष्ट्रीय अभिलेखागाराकडून व्हाइट हाऊसची कागदपत्रे मागितली. ट्रम्प यांनी हरकत घेतली. विद्यमान अध्यक्ष बायडेन यांनी घेतली नाही. १९ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्प यांची विनंती फेटाळली. केवळ न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी विरोध नोंदवला.

या चौकशीत समन्स धुडकावणाऱ्या स्टीव्ह बॅनन आणि पीटर नवारो यांना प्रत्येकी चार महिन्यांचा तुरुंगवास झाला आणि दोघांनीही तो २०२४ मध्ये भोगला. ट्रम्प यांनी आपल्याला विशेषाधिकार सांगायला सांगितले होते, हा नवारो यांचा दावा भारतात जन्मलेले न्यायाधीश अमित मेहता यांनी पुराव्याअभावी नाकारला. येथेही खटले उभे राहिले, कारण न्याय खाते तेव्हा दुसऱ्या पक्षाच्या हाती होते.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. मे २०२४ मध्ये बायडेन यांनीही हाच हक्क वापरला. गोपनीय दस्तऐवजांच्या प्रकरणात विशेष वकील रॉबर्ट हर यांनी घेतलेल्या त्यांच्या मुलाखतीचा लेखी उतारा जाहीर झालेला असताना ध्वनिमुद्रण मात्र रोखण्यात आले. शब्द देऊन झाल्यावर आवाज कशासाठी राखायचा, याचे पटणारे उत्तर मिळाले नाही. ॲटर्नी जनरल मेरिक गार्लंड यांच्याविरुद्ध २१६ विरुद्ध २०७ मतांनी अवमानाचा ठराव झाला आणि दोनच दिवसांत न्याय खात्याने खटला भरण्यास नकार दिला. वर्षभराने ध्वनिमुद्रण प्रसारमाध्यमांत आले. त्यात लांब, अडखळते विराम होते. उताऱ्यात ते दिसले नव्हते.

२०२४ चा निकाल

१ जुलै २०२४ रोजी 'ट्रम्प विरुद्ध अमेरिका' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून संरक्षण दिले. घटनेने केवळ अध्यक्षांना दिलेल्या अधिकारांबाबत ते संपूर्ण आहे, इतर अधिकृत कृत्यांबाबत किमान गृहीत धरलेले. हा निकाल विशेषाधिकाराविषयी नाही, पण त्याचा परिणाम तेथवर पोहोचतो. अध्यक्षांचे न्याय खात्याशी झालेले बोलणे संपूर्ण संरक्षणाखाली आले. अध्यक्षांच्या हेतूची चौकशी न्यायालयांनी करू नये, असेही ठरले. संरक्षित कृत्यांचा पुरावा दुसऱ्या आरोपाच्या सिद्धतेसाठीही वापरता येणार नाही, असे बहुमताने म्हटले; निकालाच्या या भागाशी मात्र बहुमतातीलच न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट सहमत झाल्या नाहीत.

१९७४ चा निकाल रद्द केल्याचे यात कोठेही म्हटलेले नाही. उलट त्याचा आधारच घेतलेला आहे. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक अवघड प्रश्न उभा राहतो. २३ जून १९७२ च्या फितीत निक्सन आपल्या प्रशासनप्रमुखाशी बोलत होते, आणि विषय होता सीआयए व एफबीआय या सरकारी यंत्रणांना द्यायच्या आदेशांचा. नव्या कसोटीनुसार ते संभाषण 'अधिकृत कृत्य' ठरले, तर न्यायालयाने फीत मागवायची, न्यायाधीशांनी ती ऐकायची आणि मग अध्यक्षांविरुद्ध पुरावा म्हणून ती वापरायची नाही, अशी स्थिती येऊ शकते. कागद मिळण्याचा हक्क शाबूत, त्याचा उपयोग करण्याचा नाही.

हा प्रश्न न्यायालयात कसाला लागेल असे वाटत असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले. विद्यमान अध्यक्षावर खटला चालवायचा नाही, या न्याय खात्याच्या जुन्या धोरणानुसार विशेष वकील जॅक स्मिथ यांनी तो मागे घेण्याची विनंती केली, आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायाधीश तान्या चुटकन यांनी तो काढून टाकला. कोणते संभाषण अधिकृत आणि कोणते खासगी, याची छाननी त्या खटल्यात पूर्ण झालीच नाही.